डिओडातीच्या दिवाणखान्यातली रात्र

कोट चढवा. तुमचा तो पातळ रेनकोट इथे चालणार नाही. हा घ्या, लोकरीचा, जाडजूड, कोपरावर ठिगळ लावलेला. आठवडाभरात तो एकदाही नीट वाळलेला नाही, त्यामुळे ओल्या लोकरीचा कुबट वास येणारच. टोपी कानांवर ओढा. तळाला खिळे ठोकलेले हे जड बूट घाला. आता कंदील हातात घ्या आणि चढायला लागा. जपून, चिखल घोट्याच्या वर आहे.

जून महिना चालू आहे असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. एरवी या दिवसांत इथे संध्याकाळी उशिरापर्यंत छान उजेड असतो. आज सात वाजताच पायाखालची वाट दिसेना झाली आहे. बोटं गारठून कंदिलाच्या कडीला चिकटली आहेत. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आहेत, पण वेली अंग चोरून बसल्या आहेत. फुलोऱ्याच्या दिवसांत कळ्या घट्ट मिटलेल्या. खाली सरोवर आहे. ते दिसत नाही, काठावर आपटणाऱ्या लाटांवरून नुसतं कळतं. मधूनच वीज चमकते, पलीकडचे जुरा डोंगर त्यांच्या सूचिपर्णी झाडांसकट क्षणभर पांढरेफटक उजळतात, पुन्हा काळोख. मग गडगडाट येतो आणि तो या डोंगरावरून त्या डोंगरावर घुमत राहतो.

तुम्ही जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावर आहात, कोलोन्यी गावात. तारीख 18 जून 1816. हवा अशी का बिघडली, हे गावात कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला आहे: गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दूर सुंबावा बेटावर तंबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्यानं वर उधळलेलं अजून आभाळात तरंगतं आहे. पण हे इथे बोलू नका. कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि या लोकांना यंदाच्या पावाची काळजी आहे.

हे समोरचं तीन मजली घर, लोखंडी कठड्याचा सज्जा असलेलं, व्हिला डिओडाती. भाडेकरू इंग्रज आहे, कवी आहे, लॉर्ड आहे. पुढच्या दारानं पाहुणे जातात. तुम्ही मागच्या दारानं चला. आजच्या रात्रीपुरते तुम्ही या घरात लाकडं वाहणारे गडी आहात. हे काम मुद्दाम निवडलं आहे. लाकडं टाकायला आलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही आणि त्याला सगळं ऐकू येतं.

स्वयंपाकघरात शिरताच चष्म्यावर वाफ धरते. मोठ्या भांड्यात रस्सा रटरटतो आहे, कांद्याचा वास आहे, आणि ओली लाकडं पेटताना होणारा तो डोळ्यांत जाणारा धूर. तुमचा कोट वाफाळायला लागतो. धन्याचं जेवण बघा आणि आश्चर्य करा. सकाळी चहाबरोबर पावाचा एक पातळ काप. दुपारी थोड्या भाज्या आणि सोडावॉटरमध्ये नावापुरती वाइन. रात्री हिरवा चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. वजन वाढू नये म्हणून लॉर्ड बायरन उपाशी राहतो आणि भूक मारायला तंबाखू चघळतो. पाहुण्यांतला दुसरा कवी, शेली, मांसाला शिवत नाही. शाकाहाराची बाजू मांडणारी पुस्तिकाच त्यानं छापली आहे. एवढ्या मोठ्या घरात एवढा साधा स्वयंपाक!

नोकरांच्या गप्पा मात्र चमचमीत आहेत. पलीकडच्या काठावरच्या हॉटेलवाल्यानं म्हणे पाहुण्यांसाठी दुर्बीण ठेवली आहे, या घराकडे रोखलेली. सज्ज्यावर वाळत घातलेले टेबलावरचे कपडे बघून लोक म्हणतात, ते बायकांचे परकर आहेत. असल्या कवींच्या घरात दुसरं काय असणार! तुम्ही हसा आणि लाकडांची मोळी उचला. वर जायचं आहे.

जिना चढताना खालची ऊब संपते आणि दगडी भिंतींचा गारवा पाठीला लागतो. दार ढकला. मेणबत्त्यांचा वास, जुन्या लाकडी जमिनीचा वास, ओले बूट, तंबाखू. खिडक्यांची झडपं वाऱ्यानं खडखडताहेत. भिंतीतली शेकोटी पेटलेली असली तरी चार पावलांपलीकडे तिची धग पोचत नाही, म्हणून सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून बसले आहेत. तोंड भाजतं आणि पाठ गारठते, अशी ती बसण्याची तऱ्हा.

वाकून लाकडं रचा आणि खाली मान घालून एकेकाला न्याहाळा. तो देखणा, फिकट चेहऱ्याचा, उजवा पाय लपवत उभा असलेला बायरन, वय 28. तो उंच, किडकिडीत, विस्कटलेल्या केसांचा, गळ्याशी सदरा उघडा टाकलेला पर्सी शेली; वय 23, आवाज पातळ आणि तार सप्तकातला. काळ्या केसांची क्लेअर, 18 वर्षांची; ती सुरेख गाते आणि बायरनच्या कविता सुवाच्य अक्षरात उतरवून देते. खुर्चीवर पाय ताणून बसलेला हा 20 वर्षांचा तरुण म्हणजे बायरनचा खासगी डॉक्टर पोलिडोरी. निसरड्या चढावरून मेरी येताना दिसली, तिला हात द्यायला बायरननं चिथावलं म्हणून यानं उडी मारली आणि घोटा मुरगळून घेतला. आज पाय जास्तच ठणकतो आहे. त्यात मेरीनं त्याला धाकट्या भावासारखा म्हटलं आहे. बिचाऱ्याला ते लागलंय.

आणि ती मेरी गॉडविन. अजून शेलीशी तिचं लग्न झालेलं नाही. मोठं कपाळ, गोरा रंग, शांत डोळे, 18 वर्षांची, पदरात पाच महिन्यांचा मुलगा. प्रकाशाच्या कडेला बसली आहे. बायरन आणि शेली तासन्‌तास बोलतात, जीव म्हणजे काय, मेलेल्यात तो पुन्हा घालता येईल का, मेलेला स्नायू विजेनं का हलतो. ती ऐकते. फार थोडं बोलते. तिच्याकडे लक्ष ठेवा. या खोलीतली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती तीच आहे आणि हे इथे कुणालाच माहीत नाही.

पावसानं घरात कोंडलेल्या या मंडळींनी गेले काही दिवस भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक वाचून काढलं आहे, मूळ जर्मन, फ्रेंचमध्ये आणलेलं. मग बायरन म्हणाला, आपण सगळ्यांनीच एकेक भुताची गोष्ट लिहू या. सगळे कामाला लागले. पोलिडोरीनं आजच चहानंतर सुरुवात केली. मेरीला मात्र रोज सकाळी कुणीतरी विचारतं, सुचली का गोष्ट? आणि तिला रोज नाही म्हणावं लागतं. तो ओशाळा नकार तुम्ही कधी दिला असेल तर तिच्याबद्दल लगेच आपलेपणा वाटेल.

असल्या गोष्टींची तेव्हा बाजारात रेलचेल होती. होरेस वॉलपोलनं 1764 मध्ये 'कॅसल ऑफ ओट्रांटो' लिहिल्यापासून गॉथिक कादंबरीचं सामान ठरून गेलं होतं: पडका किल्ला, भुयार, दुष्ट सरदार, पळणारी नायिका, विझणारा दिवा. ॲन रॅडक्लिफ बाईंच्या कादंबऱ्यांवर तर वाचकांच्या उड्या पडत. पण त्यातली भीती माणसाच्या बाहेर असे. दार उघडलं, पडदा सारला, उजाडलं, की ती संपे. आज रात्री या खोलीत ती भीती आत शिरणार आहे, आणि तिला आत आणणार आहे एक कविता.

बारा वाजले. बोलणं आता खरोखरच भुताखेतांवर आलं आहे. बायरन शेकोटीपाशी उभा राहतो आणि कोलरिजची 'क्रिस्टाबेल' म्हणायला लागतो. पाठ आहे त्याला. कविता छापून जेमतेम महिना झाला आहे, आणि ती छापावी म्हणून आपल्या प्रकाशकाकडे शब्द टाकणाराही बायरनच. तुम्ही लाकूड हातात धरून तसेच थांबा. ओळी कधी आखूड होतात, कधी लांबतात, पण प्रत्येक ओळीत चार ठोके पडतातच. कान आपोआप पुढच्या ठोक्याची वाट बघायला लागतात. तिथेच माणूस सापडतो.

कवितेतली मुलगी मध्यरात्री रानात ओकच्या झाडाखाली प्रार्थनेला जाते. झाडाच्या पलीकडे एक अनोळखी, देखणी बाई कण्हते आहे. मुलगी तिला घरी आणते. उंबरठ्याशी येताच बाई कोसळते, मुलगी तिला उचलून आत घेते. अंगणातली म्हातारी कुत्री झोपेतच गुरगुरते. विझत आलेला विस्तव, ती बाई जवळून जाताच, भडकतो. मग निजायची खोली. बाई कपडे सैल करते. तिच्या छातीपाशी काहीतरी भयंकर आहे. काय, ते छापील कवितेत कोलरिज सांगतच नाही.

बायरन थांबतो. शांतता. फक्त झडपांची खडखड आणि शेकोटीतल्या ओल्या लाकडाची सुरसुर.

आणि किंकाळी. शेली दोन्ही हातांनी डोकं धरून किंचाळतो, मेणबत्ती उचलतो आणि खोलीबाहेर धावत सुटतो. खुर्ची उलटते. क्लेअर उभी राहते. पोलिडोरी मुरगळल्या पायानं लंगडत त्याच्या मागे, बायरन त्याच्या मागे. "पाणी!" हा हुकूम तुम्हाला आहे. पळा. कोपऱ्यातली सुरई उचला, निम्मं पाणी तुमच्याच बाह्यांवर सांडतं, बर्फगार. पलीकडच्या खोलीत शेली भिंतीला टेकून उभा आहे, कपाळावर घामाचे थेंब. डॉक्टर त्याच्या तोंडावर पाणी मारतो, मग छोटी बाटली उघडतो. ईथर. गोडसर, उग्र वास तुमच्याही डोक्यात चढतो. हळूहळू शेलीचा श्वास जागेवर येतो. काय दिसलं, असं विचारल्यावर तो सांगतो: तो मेरीकडे बघत होता आणि एकाएकी त्याला कधीतरी ऐकलेली एक बाई आठवली, जिच्या स्तनांवर बोंडांच्या जागी डोळे होते. हे सगळं पोलिडोरी नंतर आपल्या डायरीत नोंदवून ठेवतो. म्हणून तर तुम्हाला इथे आणता आलं.

आता जरा भिंतीला टेका आणि काय घडलं ते बघा. कवितेनं काहीच दाखवलं नव्हतं. तिनं एक जागा रिकामी सोडली आणि ऐकणाऱ्यानं ती स्वतःच्या मनातल्या वस्तूनं भरली. शेलीला दिसलेलं कोलरिजनं लिहिलेलं नाही, ते शेलीच्याच आत होतं. किल्ले आणि भुयारं बांधून जे साधलं नव्हतं ते चार ठोक्यांच्या ओळींनी एका रात्रीत साधलं. ही युक्ती पुढे गॉथिक कथेनं कधीच सोडली नाही. उंबरठ्यावर अडणारी आणि आपणच हात देऊन आत घेतलेली ती देखणी बाई 56 वर्षांनी शेरिडन ल फानूच्या 'कार्मिला'मध्ये रक्तपिपासू होऊन परत येते.

मेरी अजून जागेवरच आहे. चेहरा उतरला आहे, पण ती किंचाळत नाही. तिला कोलरिजची सवय आहे. कशी, ते बघायला दहा वर्षं मागे लंडनला जाऊ. कोट काढा, इथे तुम्ही लहान मूल आहात.

पोटावर झोपा आणि सरका. आणखी आत. हा गॉडविन यांच्या दिवाणखान्यातला सोफा आहे आणि त्याच्याखाली जागा फार थोडी आहे. नाकाशी गालिच्याची धूळ येते, शिंकू नका. डाव्या हाताला आठ वर्षांची मेरी, तिच्यापलीकडे सावत्र बहीण, हीच ती पुढची क्लेअर. या वेळी दोघी अंथरुणात असायला हव्यात. समोर मोठ्या माणसांचे बूट आणि खुर्च्यांचे पाय एवढंच दिसतं. वरून मात्र एक आवाज येतो, खर्जातला, सुरात हेलकावणारा. स्वतः कोलरिज आपली म्हाताऱ्या खलाशाची कविता म्हणतो आहे. निष्कारण मारलेला एक पक्षी, तहानेनं मेलेले सोबती, आणि ज्याला मरण येत नाही असा एकटा माणूस. आपली कहाणी कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याची सुटका नाही. मेरीची बोटं तुमच्या मनगटात रुततात. तेवढ्यात सावत्र आईला दोघी सापडतात, झोपायला हाकलणार, पण कोलरिजच रदबदली करतो आणि पोरींना ऐकू देतात. त्या घरची ही आठवण पुढे चरित्रकारांनी जपून ठेवली.

ऐकलेलं वाया जात नाही. मेरीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीत उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रात त्याच पक्ष्याची आठवण काढतो. स्वतःच घडवलेल्या जिवाला टाकून पळालेला व्हिक्टर पहाटे रस्त्यावर भटकतो, मागे वळून बघायची त्याला छाती होत नाही, आणि तिथे मेरी कोलरिजच्या ओळी जशाच्या तशा घालते. आणि कादंबरीची ठेवण बघा: बर्फात अडकलेलं जहाज, त्यावर चढवलेला एक अर्धमेला माणूस, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी त्याची कहाणी. सोफ्याखाली ऐकलेला खलाशीच तो.

परत डिओडातीच्या दिवसांत या. रात्र बरीच झाली आहे. मेरीच्या खोलीत शिरू नका, दाराबाहेर थांबा. झडपांच्या फटींतून चांदणं आत झिरपतं आहे. आज आभाळ थोडं उघडलं असावं. जमिनीची लाकडं थंड आहेत, घर झोपलं आहे. आत ती मिटल्या डोळ्यांनी जागी आहे आणि तिला दिसतं आहे: आपण जोडून केलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसलेला एक फिकट विद्यार्थी, आणि त्या देहाची ती पहिली हालचाल. विद्यार्थी घाबरून पळतो, झोपतो, आणि डोळे उघडतो तर पलंगाचा पडदा सारून ते पिवळे, पाणावलेले डोळे त्याच्याकडे बघताहेत. 15 वर्षांनी तिनं हे सगळं लिहून ठेवलं. तिनं तिथे न लिहिलेली एक गोष्ट आहे. तिची पहिली मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली आणि काही दिवसांतच गेली. त्यानंतर मेरीला स्वप्न पडलं होतं की बाळ नुसतं गारठलं होतं, विस्तवापाशी चोळून ते जिवंत झालं. जागी झाली तर बाळ नव्हतं. मेलेल्यात जीव घालण्याची कल्पना त्या खोलीतल्या पुरुषांसाठी चर्चेचा विषय होती. तिच्यासाठी ती तशी नव्हती.

सकाळी ती म्हणते, गोष्ट सुचली.

महिनाभरानं, जुलैच्या अखेरीस, तुम्ही शामोनीच्या वरच्या चढावर आहात, खेचरांचे लगाम धरून. हात चामड्याच्या आणि घामाच्या वासानं भरले आहेत. पाऊस इथेही आहे. झाडी संपते आणि समोर 'मेर द ग्लास' पसरते, लाटा उसळताना जागीच गोठलेला बर्फाचा प्रवाह, भेगांमध्ये निळा. डोळ्यांना कुठेच विसावा नाही. कानांना मात्र काम आहे: आत खोलवर बर्फ तडकतो, दूरवर कडा कोसळतो आणि आवाज बऱ्याच वेळानं पोचतो. शेली भारावला आहे. या प्रवासातून त्याची 'माँ ब्लां' ही कविता निघते, माणसाच्या मनाला गप्प करणारा तो पर्वत. मेरी याच दिवसांत डायरीत आपल्या गोष्टीचा उल्लेख करते. ती बर्फाकडे बघते आणि त्यावर एक आकृती चालवते, माणसापेक्षा उंच, अफाट वेगानं येणारी. व्हिक्टर आणि त्याचा जीव समोरासमोर येतात ते नेमके इथेच. आणि तिथे तो जीव हल्ला करत नाही. तो म्हणतो, माझं ऐकून घे.

इथे जरा जास्त वेळ थांबा, खेचरं कुठे जात नाहीत. कवी निसर्गापुढे उभे राहून स्वतःविषयी बोलत होते. मेरीनं तीच जागा, तोच बर्फ, तीच उदात्तता घेतली आणि ज्याला कुणी माणूस मानत नाही त्याला तिथे बोलायला उभं केलं. तो भाषा कशी शिकला? एका झोपडीच्या भिंतीला लागून लपून राहिला, फटीतून बघत राहिला, आतलं बोलणं आणि वाचन ऐकत राहिला. पुढे हाती लागलेली मिल्टनची 'पॅरडाइझ लॉस्ट' त्यानं खरी कहाणी समजून वाचली आणि आपण त्यातले कोण, हे शोधत राहिला. सोफ्याखालची मुलगी, शेकोटीच्या कडेला बसलेली तरुणी आणि भिंतीआडचा हा जीव, तिघांचं शिक्षण सारखंच झालं: आडून ऐकून.

भुताच्या गोष्टींच्या त्या पैजेतली दुसरी गोष्टही मार्गाला लागली. बायरननं 'द गियाउर' या कवितेत एकाला शाप दिला होता: मेल्यावर पिशाच होशील आणि आपल्याच घरच्यांचं रक्त पिशील. आताही त्यानं एक तुकडा लिहिला आणि सोडून दिला. पोलिडोरीनं तो उचलला आणि त्यातल्या रक्तपिपासूला बायरनचंच रूप दिलं: फिकट, देखणा, खानदानी, थंड नजरेचा. लॉर्ड रुथवेन. त्याआधी असं पिशाच म्हणजे गावकुसातलं सुजलेलं मढं होतं. आता ते उंची कपड्यांत मेजवान्यांना जाऊ लागलं. 1819 मध्ये ही गोष्ट छापून आली ती बायरनच्या नावावर. पोलिडोरी तक्रार करत राहिला आणि दोनच वर्षांत, पंचविशीत, गेला. पुढच्या प्रत्येक दरबारी रक्तपिपासूच्या अंगात, ड्रॅक्युलाच्याही, या दुखऱ्या पायाच्या डॉक्टरानं पाहिलेला कवी आहे.

शेवटचा मुक्काम लंडन, 29 ऑगस्ट 1823, इंग्लिश ऑपेरा हाउस. निम्म्या दरात आत सोडायची वेळ झाली आहे; धक्के खात पिटात घुसा. पाठ नसलेली बाकं, मांडीला मांडी, संत्र्यांच्या सालींचा वास, घाम, गॅसच्या दिव्यांची धग. मागचा माणूस तुमच्या खांद्यावरून ओरडतो आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' 1818 च्या पहिल्या दिवशी निनावी छापली गेली होती, 500 प्रती, तीन खंड. पुष्कळांना वाटलं, शेलीची असेल. आता तिचं नाटक झालं आहे. जाहिरातीत त्या जिवाच्या नावाच्या जागी नुसती रेघ आहे आणि पुढे नट टी. पी. कुक. तीन वर्षांपूर्वी याच रंगमंचावर लॉर्ड रुथवेन झाला होता तो हाच.

रंगमंचावर जिना. वरच्या खोलीत दिवा. मग दार मोडून पडतं आणि निळसर अंगाचा तो उडी मारून समोर येतो. पिटातला गोंगाट जागच्या जागी तुटतो. शेजाऱ्याचा हात तुमच्या दंडावर. तो बोलत नाही. नाटकात त्याला वाणीच दिलेली नाही. संगीत सुरू होतं आणि ऐकू येणारे सूर तो हातांनी पकडायला बघतो.

आज प्रेक्षकांत एक 25 वर्षांची विधवा आहे, वडिलांबरोबर आलेली. शेली गेल्या वर्षी समुद्रात बुडाला. पाच महिन्यांचा तो मुलगा चार वर्षांपूर्वीच रोममध्ये गेला. पोलिडोरी गेला. बायरनला आठ महिने उरले आहेत. मेरी शेली नाटक शेवटपर्यंत बघते. नाव नसलेल्याला रेघेनं दाखवायची युक्ती तिला आवडते. सूर पकडू बघणारे कुकचे हातही आवडतात. तसं तिनं मित्राला पत्रात लिहिलं आहे.

तुम्ही मात्र एवढ्यावर समाधान मानू नका. रंगमंचानं त्याची वाणी काढून घेतली, पुढे सिनेमानं त्याच्या मानेत खिळे ठोकले, आणि जगाला त्याचा चेहरा माहीत झाला, बोलणं माहीत झालं नाही. कवितेनं गॉथिक कथेला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट त्या बोलण्यात आहे: ज्याची भीती वाटते त्याचंही मन असतं, आणि ते ऐकलं की भीती कमी होत नाही, तिच्यात करुणा मिसळते. म्हणून आता घरी पोचलात की एक करा. आधी म्हाताऱ्या खलाशाची ती कविता मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकवा. मग 'फ्रँकेन्स्टाइन' उघडा, बर्फावरच्या त्या भेटीपर्यंत या, आणि तिथून पुढची प्रकरणं, जी तो स्वतः सांगतो, तीही मोठ्यानं वाचा. माझं ऐकून घे, एवढंच तो मागतो आहे. त्याला ते द्या.